चांदीचे न दिसणारे पाहुणे

"गोळ्या बंद!" सोपानमामाने डबी कोनाड्यात ढकलली. "त्या सुरू केल्यापासून पोट थाऱ्यावर नाही बघ."

केतकीला हे पटेना. मामाला एचआयव्हीची लागण होती. त्या गोळ्यांमुळेच तर तो अंथरुणातून उठून पुन्हा गोठ्यात यायला लागला होता. आणि घरात सगळे एकच अन्न खातात, क्लोरीनचे थेंब टाकलेलं एकच पाणी पितात. मग जुलाब एकट्या मामालाच का?

तिने कुरकुरणाऱ्या मामाला आरोग्य केंद्रात नेलं. तिथला पारखी नावाचा यंत्रमानव भारी बडबड्या. शौचाचा नमुना तपासून त्याने पडद्यावर लाल ठिपके दाखवले.

"हे परजीवी (दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावरच जगणारे जीव). नाव क्रिप्टोस्पोरिडियम. कवच इतकं टणक, की क्लोरीनलाही दाद देत नाहीत. बहुतेक वासराच्या शेणातून आले. गोठ्यात वासरू आहे?"

"चांदी! तिची आई गेली. मामा दुधात बोटं बुडवून तिला चोखायला देतो."

"मग हात धुतो ना मी," मामा म्हणाला. "ते हातावर चोळायचं जंतुनाशक औषध लावून."

"त्यालाही ते भीक घालत नाहीत, सोपानराव. साबण आणि वाहतं पाणी हवं, म्हणजे वाहून जातात. प्यायचं पाणी खळखळून उकळा. आणि बरे होईपर्यंत वासरापासून लांब राहा."

"पण मला का नाही झालं?" केतकीने विचारलं.

"मध्यंतरी तुझं पोट बिघडलं होतं?"

"हो, पेरू खाऊन!"

"बिचारा पेरू! तेही हेच असू शकतं. तुझ्या प्रतिकारशक्तीने (रोगाशी लढणाऱ्या शरीराच्या ताकदीने) त्यांना हुसकावलं असेल. मामांची ती ताकद एचआयव्हीने खिळखिळी केलीय. गोळ्या तीच पुन्हा उभी करतायत."

"आणि मी त्याच बंद करायला निघालो होतो," मामा पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला. "पण चांदीला दूध कोण पाजणार?"

"मी! बाटलीने. आणि नंतर साबणाने हात धुऊन."

केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी जुलाबावर औषध दिलं आणि एचआयव्हीच्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत असं बजावलं.

संध्याकाळी केतकी चांदीला दूध पाजत होती. मामा लांब बाजेवर बसून सूचना सोडत होता. "बाटली तिरकी धर गं! बरा होणार मी, आणि ही मोठी गाय झाली ना, की हिची पहिली धार मीच काढणार."

मग तो उठला आणि कोनाड्यातली डबी घेऊन आला.

"केतके, हात धुऊन जरा पाणी आण. उकळलेलं."