काचेला लावलेला तळवा

आमच्या बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या जागी समुद्र होता. पाहुण्यांनी बसायचं कुठे, असं कोणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "बसायला कशाला, बघायला या." खाऱ्या पाण्याची ती टाकी त्यांनी निवृत्तीनंतर हौसेनं मांडली होती. आत दगड, दगडांवर जांभळी बुरशी चढल्यासारखे जिवंत थर, मधोमध एक समुद्रफूल, आणि त्या फुलाच्या बोटांत लोळणारा पांढऱ्या पट्ट्यांचा केशरी मासा. त्याचं नाव फौजदार. घरात त्याच्याइतका रुबाब कोणाचाच नव्हता. मी काच पुसायला हात घातला की चावायचा. सासूबाईंच्या बोटांना मात्र अंग घासायचा.

सकाळी चहाआधी त्यांचं एक काम ठरलेलं. उन्हानं, वाऱ्यानं टाकीतलं पाणी उडतं, पण मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी काचेवरच्या रेघेपर्यंत घालायचं. तांब्या वाकडा करून, धार दगडावर सोडून, त्या स्वतःशीच गुणगुणायच्या:

खाऱ्या गं पाण्यामध्ये केशरी माझा राजा,
त्याच्या गं राखणीला जीव ठेविला माझा.

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून माझ्या टेबलावर येतं. त्यामुळे त्या मला कौतुकानं पाणीवाली म्हणायच्या आणि टाकीचं खारेपण मोजायचं काम माझ्याकडे द्यायच्या. सासू-सुनेचं जमतं कसं, असं शेजारणी विचारायच्या. मध्ये मासा आहे म्हणून, असं आम्ही सांगायचो.

त्या आठवड्यात रेघेपर्यंत पोचायला पाणी जास्त लागू लागलं. एका तांब्याचे दोन झाले, दोनाची बादली झाली. आम्ही दोघींनी पंख्याला दोष दिला, नवा पंखा फार वेगानं फिरतो म्हणून. खारेपणही उतरत होतं, आणि मी माझं मोजायचं यंत्र पुसून पुसून पुन्हा पाहत होते. खरं तर टाकीच्या मागच्या कोपऱ्यातला जोड झिरपत होता. खारं पाणी टाकीखालच्या लाकडी कपाटात गुपचूप मुरत होतं, आणि सासूबाई रोज मायेनं त्याच्या जागी गोडं पाणी भरत होत्या. इतक्या नेमानं देखभाल झाली नसती, तर गळती पहिल्याच दिवशी कळली असती.

दुपारी मी घरी आले तेव्हा तो जोड गेलेला होता.

सासूबाई जमिनीवर टाकीला पाठ लावून बसल्या होत्या. उजवा हात मागे वळवून तळवा कोपऱ्यावर दाबून धरला होता. किती वेळ, ते त्यांनाही सांगता येईना. त्यांच्या तळव्याच्या वरचं सगळं पाणी गेलेलं, खालचं शाबूत. फौजदार त्या उरलेल्या पाण्यात, त्यांच्या हाताच्या मागे काचेला चिकटून होता.

"आधी त्याला काढ," त्या म्हणाल्या. "मग मला."

मी तसंच केलं. घरातला सर्वांत मोठा प्लास्टिकचा टब आणला, उरलेलं पाणी नळीनं त्यात ओढलं, हवेचा पंप आणि हीटर सोडला. फुलाचा दगड आणि मासा त्यात ठेवला. बाकीचे दगड खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळले. मग फरशी पुसायला फडकं घेतलं, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पुसण्यासारखं काही नव्हतंच. त्यांच्या साडीचा काठ ओला होता आणि आसपास हातभर ओल. अर्धी टाकी पाणी म्हणजे खोलीभर तळं व्हायला हवं होतं.

मी धावत खालच्या मजल्यावर गेले. तिथे शिंपी राहतो, त्याच्या छतातून आता धारा लागल्या असतील या भीतीनं. तो शांतपणे मशीन चालवत होता. छत कोरडं, भिंती कोरड्या, दोरीवरचे पांढरे सदरे कोरडे. मी छताकडे बघतेय हे पाहून काय सांडलं, असं त्यानं विचारलं. मी तशीच वर परतले.

डॉक्टरांनी सासूबाईंना तपासलं. सगळं ठीक होतं. या वयात इतका वेळ फरशीवर बसलात, थोडं तरी दुखायला हवं, असं ते हसून म्हणाले.

टबातलं पाणी फार कमी होतं आणि रोज वरून घातलेल्या गोड्या पाण्यामुळे ते पातळही झालेलं. समुद्राचं मीठ बाहेरगावाहून मागवावं लागतं, आणि ते यायला वेळ होता. साधं मीठ चालत नाही, त्यात समुद्रातलं बाकीचं काही नसतं. फूल पिळलेल्या फडक्यासारखं झालं होतं. फौजदार आडवा पडून एका डोळ्यानं वर बघत होता. नवऱ्याला बाहेरगावी फोन लावला. एका माशासाठी दोघी मिळून आजारी पडाल, आईला म्हणावं आता पुरे, असं तो म्हणाला. ते मी सासूबाईंना सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. त्यांनी बुटकं स्टूल टबाशी ओढलं होतं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात सोडून बसल्या होत्या, आजारी लेकराच्या कपाळावर हात ठेवून बसावं तसं.

दुसऱ्या दिवशी टबातलं पाणी वर आलेलं दिसलं.

मला वाटलं, जुन्या सवयीनं त्यांनी नळाचं ओतलं असणार. मोजून पाहिलं तर खारेपण उतरण्याऐवजी चढून जिथे हवं तिथे आलेलं. मी विचारलं. "मी कशाला ओतू?" त्या म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. बाटली भरून मी प्रयोगशाळेत नेली. सगळे क्षार समुद्रातल्या प्रमाणात होते. आमच्या टाकीचं जुनं पाणी मी अनेकदा तपासलं होतं. हे तेच होतं.

मग मी सुट्टी काढून समोर बसले, मांडीवर शेंगा घेऊन. टबाच्या आतल्या अंगाला एक ओरखडा होता. सासूबाईंनी हात घातले तेव्हा पाणी ओरखड्याच्या खाली होतं. त्या माझ्याशी माहेरच्या गप्पा मारत होत्या, मध्येच शेंगा नीट सोलत नाहीस म्हणून टोकत होत्या. पाणी ओरखड्याला टेकलं. मग ओरखडा बुडाला. हात घातल्यावर पाणी चढतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्यांनी हात काढले, पदराला पुसले, आणि पाणी उतरलं नाही.

मी शेंगा सोलत राहिले.

फूल उघडलं. एकेक बोट लांबवत, झोपेतून उठल्यासारखं. फौजदार उभा पोहू लागला, एक दिवस मला चावलाही. सासूबाई इतक्या हसल्या की मीही हसले. पण त्या हसताना चष्मा घसरून हनुवटीवर आला, आणि मी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

त्या बसत होत्या त्या खुर्चीची उशी दबत नव्हती. उभ्या राहताना गुडघे धरून "आई गं" म्हणायचं त्या विसरल्या होत्या. एकदा न्हाणीघरात पाय सटकला म्हणून मी त्यांना धरलं, तर माझ्या दोन्ही हातांवर त्या सहज उचलल्या गेल्या. वाळून कडक झालेल्या साडीची घडी उचलावी तशा. त्यांच्या गालाला गाल लागला. कागदासारखा कोरडा होता.

"आई, पुरे आता," मी म्हटलं.

"अजून रेघेला कुठे आलंय?"

काचवाल्यानं नवी टाकी बसवली. जुन्या पाण्यानं ती भरली, दगड रचले, मासा आणि फूल घरी गेले. पाणी रेघेच्या खाली वीतभर राहिलं. सासूबाईंनी ती वीत डोळ्यांनी मोजली. एक दुपार आणि पुढची सकाळ, एवढंच काम उरलंय, असं म्हणून जेवणानंतर त्या पडल्या. पलंगाची चादर त्यांच्याखाली ताणलेली होती तशीच राहिली.

समुद्राचं मीठ तोवर आलेलं होतं. त्यांना न सांगता मी गच्चीवर बादल्यांत पाणी कालवून, पंप लावून, मुरवून तयार ठेवलं होतं. त्या झोपल्या असताना मी ते एकेक तांब्या करून टाकीत घातलं, धार दगडावर सोडून, आवाज न करता. रेघेपर्यंत.

त्या उठून आल्या, बाह्या सारल्या आणि थांबल्या.

"भरलंस?"

"हो."

त्यांनी काचेवरच्या रेघेवरून बोट फिरवलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत.

"अगं, पण माझ्याकडे आहे ना अजून."

"ते राहू दे तुमच्याकडे. मला तुम्ही हव्या आहात."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. लग्न होऊन आले त्या दिवशी उंबऱ्यात हसल्या होत्या तशा.

"काच काय, पुन्हा कधीही जाईल," त्या म्हणाल्या. "मी तरी कुठवर पुरणार? थोडं तू ठेव."

आणि माझे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले.

गार वाटलं. आधी तळव्यांना, मग मनगटांना, मग कोपरापर्यंत. वाईट वाटलं नाही. विहिरीत हात सोडून बसावं तसं वाटलं. त्यांनी सोडलं तेव्हा माझे हात कोरडे होते. थोड्या वेळानं चहा करायला त्या स्वतः उठल्या, आणि उठताना गुडघे धरून "आई गं" म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी तिथेच त्यांना मिठी मारली. वजन होतं. थोडं, पण होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. नळांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं आल्या होत्या. रबरी हातमोजे घालून मी एकेक तपासत गेले. दुपारी उजवा मोजा ओढून काढला, तर आतून पाणी सांडलं. घाम असेल, म्हणून बोट जिभेला लावलं. मग उरलेलं काचेच्या चंचुपात्रात ओतलं आणि उजेडात धरलं. चमचाभर पाणी. त्यात टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी उड्या मारत फिरत होतं.

मी चंचुपात्र हळूच खाली ठेवलं आणि धक्का लागू नये म्हणून भिंतीकडे सरकवलं.

डावा मोजा अजून हातातच होता. तो जड लागत होता. बोटांची टोकं फुगत चालली होती, आणि करंगळीपाशी, अगदी सावकाश, काहीतरी कूस बदलत होतं.