खोलीतली दुसरी व्यक्ती

मी दार उघडलं आणि आतल्या माणसाने मान न वळवताच हात वर केला. थांब, अशी खूण. मी थांबले, एक पाय आत, एक बाहेर. काचेच्या पेटीतल्या तराजूवर तो नजर लावून बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने आकडा लिहिला, खोडला आणि म्हणाला, "दार उघडलंत, झुळूक आत आली. आता सगळं पहिल्यापासून."

मी माफी मागितली.

"माफी राहू द्या, बसा. श्वास तेवढा भिंतीकडे तोंड करून घ्या."

शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप होती ती, सहा आठवड्यांची. दुकानांतली, दवाखान्यांतली वजनं ज्या वजनांशी ताडून पाहतात, ती तपासणारी आमची प्रयोगशाळा. तिथे एक जागा रिकामी होती. माझा अहवाल पसंत पडला तर ती मला मिळणार होती. नाहीतर बाबांनी घराजवळच्या शाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाच होता. मला शाळा नको होती. मला ती शांत खोली हवी होती.

त्याला सगळे काटेकोर म्हणत. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वजन चिमट्यानेच उचलायचं, बोटाचा ठसासुद्धा तोलात येतो, हे त्यानेच मला शिकवलं. तराजूच्या खोलीत बोलायला बंदी, म्हणून आमचं बोलणं बाहेर, चपलांच्या कपाटापाशी व्हायचं. घरीही असेच श्वास धरून बसता का, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, घरी आई बोलते, त्यामुळे धरावा लागत नाही, आपोआप धरला जातो. हे मी मावशीला सांगितलं. मी तिच्याकडेच राहत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या त्या प्रयोगशाळेत दुसरं कोणी कामालाच नाही का गं?"

तिसऱ्या आठवड्यात त्याने तराजू माझ्यावर सोपवला, स्वतः बाहेरच्या टेबलावर बसू लागला, आणि माझे आकडे बिघडले. एकच वजन दिवसभर पुन्हा पुन्हा तोलायचं, आकडे एका रेषेत यायला हवेत. माझे मात्र सकाळी अकराला आणि दुपारी चारला सरकायचे. ग्रॅमच्या लाखाव्या भागाने, पण सरकायचे. मी खालच्या पाण्याच्या पंपावर संशय घेतला, रस्त्यावरच्या ट्रकांवर घेतला, उन्हावर घेतला. खिडकीला दुहेरी पडदा लावला. आकडे आपले हेका सोडेनात.

मग एकदा वहीतल्या वेळा वाचताना माझं बोट थांबलं. अकराला आणि चारला तो खोलीचं तापमान लिहायला यायचा. तापमापक दाराशेजारी. अर्ध्या मिनिटाचं काम. पण नंतर तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा... चांगली दहा मिनिटं. माणसाच्या अंगाची ऊब हवा हलवते, आणि हवेबरोबर तराजू हलतो.

तो मागे उभा असतो हे मला रोज कळत होतं. ती अहवालात लिहायची गोष्ट आहे, एवढंच सुचलं नव्हतं.

खात्री करायला मी त्याला म्हटलं, उद्या येऊ नका. दुसऱ्या दिवशी आकडे शहाण्यासारखे सरळ आले. मला मात्र दिवसभर करमलं नाही.

आता कारण लिहावं तर त्याच्यावर बोट. न लिहावं तर माझी नोकरी गेली. कपाटापाशी मी त्याच्या हातात वही दिली. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"मी... दिवे लिहू का? दिव्यांचीही ऊब असते."

"दिव्यांची होती का?"

"नाही."

"मग होतं तेच लिहा," तो म्हणाला. आवाज जरा खाली गेला होता.

मी लिहिलं – निरीक्षकाच्या मागे दुसरी व्यक्ती उभी असल्याने.

आमच्या प्रमुख बाईंनी ते वाक्य सगळ्यांसमोर वाचलं आणि ही दुसरी व्यक्ती कोण, असं विचारलं. तो उभा राहिला. तापमान लिहायला दहा मिनिटं लागतात का? नाही, अर्धं मिनिट. मग उरलेला वेळ काय करत होतात?

त्या काटेकोर माणसाने टेबलावरची पेन्सिल सरळ केली. शेवटी म्हणाला, "काही नाही. ह्यांना... बघत होतो."

मागे कोणीतरी खोकलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, कारण शोधणारी मुलगी मला हवी आहे. पण त्या खोलीत एकानेच राहायचं. कोण, ते तुम्ही ठरवा.

पाच वर्षं तो त्या खोलीत होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तळमजल्यावरचा विभाग मागून घेतला. तिथे ट्रक तोलणारे काटे तपासायची वीस-वीस किलोची लोखंडी वजनं होती.

आठवड्याने तो जिन्यात भेटला. दोन्ही तळहातांना फोड. मी विचारलं, "पश्चात्ताप होतोय?"

"होतोय ना. आता बघायला तीन जिने चढावे लागतात."

"चढू नका," मी म्हटलं. "पाचला माझं काम संपतं. मी येत जाईन खाली."

"रोज?"

"रोज."

त्या खोलीत मी एकतीस वर्षं नोकरी केली. सगळं सावकाश, हवा न हलवता. पण संध्याकाळी पाचला ते तीन जिने मी एकदाही सावकाश उतरले नाही.