तीन पानांची कण्हेर

श्यामसुंदर पटवर्धनांचं डोकं वरवंट्यानं इतकं ठेचलं होतं, की शेजारी राहणाऱ्या पुतण्यानं, माधवनं, त्यांना धोतरावरून ओळखलं. त्यांच्या मुठीत कण्हेरीची फांदी होती. लांब निमुळती पानं, शेंड्याला फुलं खुडल्याच्या खुणा.

इन्स्पेक्टर मच्छिंद्रनं लगेच कात्रजच्या अय्युबला धरून आणलं. श्यामसुंदरांच्या जागेवर त्याची रोपवाटिका होती आणि तिला कण्हेरीचं कुंपण. कलमं बांधणारी त्याची बोटं दुपारपर्यंत पोलिसांनी कोठडीत मोडली. तिकडे लोकांनी रोपवाटिका पेटवली.

"बाई, ते त्याला जिवंत ठेवणार नाहीत," अय्युबची आई खातून मंदाकिनीबाईंच्या दारात कोसळली. मंदाकिनीबाई खासगी तपास करत.

"अहो, स्कूटर काढा."

"जेवून निघू?" दिगंबररावांनी विचारलं. हे त्यांचे यजमान, मदतनीस आणि डोकेदुखी.

कोठडीत अय्युब सुजलेल्या ओठांनी म्हणाला, "काका जागा मलाच विकणार होते. मी त्यांना कशाला मारू?"

कात्रजला जळक्या कुंपणातली एक धड फांदी दिगंबररावांनी तोडून घेतली. तिथून दोघं सदाशिव पेठेत माधवकडे गेले. तो एकटाच राहायचा.

"सकाळी काकांच्या मोलकरणीच्या किंकाळीनं जाग आली, तसाच धावलो. सुतक आहे, चहा मिळणार नाही. एरवीही मिळाला नसता."

देव्हाऱ्यात महादेवावर पिवळी फुलं होती, अजून टवटवीत. एका पाकळीवर तपकिरी डाग होता. दिगंबरराव वाकले.

"लांब व्हा! सुतकात देवाला शिवत नाहीत," माधव खेकसला.

मंदाकिनीबाईंनी मच्छिंद्रला तिथेच बोलावलं. श्यामसुंदरांच्या मुठीतली फांदी घेऊन तो आला.

"अहो, तुमच्या फांदीला एका पेरावर किती पानं?"

"तीन. पुढच्या पेरावरही तीनच."

"आणि मुठीतलीला?"

दिगंबररावांनी फांदी फिरवली. "एकच. मग फिरून वर एक."

"ही अय्युबची कण्हेर नव्हेच. ही पिवळी कण्हेर. पानं लांबून सारखी दिसतात, मांडणी वेगळी. पिवळं फूल दिसलं असतं तर कोणीही ओळखलं असतं, म्हणून खुन्यानं फुलं खुडून फांदी मुठीत कोंबली."

"पिवळी कण्हेर पुण्यात घरोघरी आहे," माधव म्हणाला.

"असेल. पण खुडलेली देवाची फुलं तुम्हाला फेकवली नाहीत, ती तुम्ही महादेवाला वाहिलीत. किंकाळीनं जागे झालात, तेव्हापासून घरात सुतक. मग ही ताजी फुलं वाहिली कोणी? इन्स्पेक्टर, तो पाकळीवरचा डाग रक्ताचा आहे. जागा अय्युबला जाणार होती. काका संपले, अय्युब फासावर, की जागा यांची."

माधवनं समई उचलून मंदाकिनीबाईंच्या डोक्यावर उगारली. दिगंबरराव मध्ये पडले आणि त्यांचा खांदा फुटला. मच्छिंद्रनं माधवचं तोंड भिंतीवर आपटलं, दात पडेपर्यंत.

संध्याकाळी अय्युब सुटला. मच्छिंद्र खाली बघत म्हणाला, "चूक झाली."

खातूननं मुलाचा हात हातात घेतला. तो हसायला गेला. पण आईचा हात धरायला त्याची बोटं मिटेनात.