कोरा पडदा

केतकीने डाव्या डोळ्याने शेवटची ओळ न अडखळता वाचली. "ग, र, म, ट, न."

त्या वेळी पडद्यावर काहीच नव्हतं.

"शाबास," नेत्रपाल म्हणाला. तो डोळे तपासणारा यंत्रमानव. कौतुकही तो स्टेशनवरच्या घोषणेसारखं करायचा. "पडदा मी मघाशीच बंद केला होता."

केतकीचे हलणारे पाय क्षणभर थांबले, पुन्हा हलू लागले. दरवर्षी तोच तक्ता ठेवला की पाठ होणारच.

"बाबांना सांगू नकोस. शनिवारी खो-खोची फायनल आहे."

"बाबा तुझ्या मागेच बसलेत."

बाबा खोकले.

"मैदानात खांब किती दिसतात?" नेत्रपालने विचारलं.

"चार," ती पुटपुटली. "परवा नसलेल्या खांबावर सूर मारला."

"असं का होतं, ऐक. डोळ्यात नेत्रभिंग (प्रकाश मागच्या पडद्यावर नेमका टाकणारं पारदर्शक भिंग) बारीक तंतूंनी टांगलेलं असतं. बांगडीत दोऱ्यांनी ताणून बांधलेला साबुदाणा समज. तुझे तंतू जन्मापासून कच्चे, म्हणून साबुदाणा घसरला. डॉक्टरांनी तो काढला आणि कृत्रिम भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला टाक्यांनी बांधलं."

"मग झालं की. जाऊ मी?"

"तेव्हा तू बालवाडीत होतीस. डोळा वाढला, दोरा वाढत नाही. तो झिजतो. बऱ्याच मुलांना वर्षानुवर्षं छान दिसतं. काहींचं भिंग सरकतं, क्वचित दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) सुटतो. म्हणून दरवर्षी बोलावतात. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. तपासणी मात्र तू पाठांतरावर भागवलीस."

त्याने डोळ्याचं चित्र समोर धरलं. भिंग एका बाजूला कललं होतं. एक टाका गेला होता.

"त्यातून अर्धा प्रकाश भलतीकडे जातो, म्हणून जादा खांब. जोरात आपटलीस तर दुसरा टाकाही जाईल."

"आणि शनिवार?"

"शनिवारी तू बाहेर बसून ओरडायचं. तेही तुला चांगलं जमतं, असं बाबा म्हणाले. डॉक्टर भिंग पुन्हा बांधतील, जास्त टिकाऊ दोऱ्याने. पुढच्या हंगामात खांब दोनच."

केतकीने बाबांकडे पाहिलं. ते मोबाइलवर तिच्या सरांचा नंबर शोधत होते.

नेत्रपालने पडदा चालू केला. अक्षरं नवी होती.

"डाव्या डोळ्याने वाच."

तिने मान वाकडी करून पाहिली. डोळे बारीक केले. पाय आता थांबले होते.

"दिसत नाही," ती म्हणाली.

"बरोबर," नेत्रपाल म्हणाला.