गुरुपादप्पांच्या हरभऱ्याचं पाणी

बसा जवळ. आणि तो मोबाईल खिशात घाला, नाहीतर मी सांगणार नाही. ही गोष्ट ऐकीव नव्हे. गुरुपादप्पा माझे शेतशेजारी. नायगावच्या अलीकडं आमचा बांधाला बांध. त्यांनी स्वतः मला सांगितली, आणि सांगताना तो दांडगा माणूस लेकरासारखा रडत होता.

मागच्या वर्षीचा मार्गशीर्ष. गुरुवारची रात्र. त्या आठवड्यात शेतीची लाईट बाराला यायची. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून अप्पा साडेअकराला गमबूट चढवून, बॅटरी घेऊन निघाले. बांधाशी त्यांच्या पोराची, रामलिंगची समाधी होती. लिंगायतांच्या रीतीनं त्याला शेतातच पुरलेलं. पण बापाला पोराची कसली भीती? रोजची वाट होती.

रामलिंगचं नायगावात खत-बियाण्याचं दुकान होतं. त्या रात्रीच्या सहा वर्षं आधी, ऐन दुकान बंद करायच्या वेळी एक जण आत शिरला आणि गल्ला उचकटू लागला. रामलिंग आडवा गेला, तर पोटात सुरा घालून पळाला. अप्पा मागच्या खोलीत होते. पोलिसांनी लिंबाजीला धरलं. हा दुकानातलाच हमाल, पिऊन येतो म्हणून महिन्याआधी काढलेला. अप्पांनी कोर्टात शपथेवर सांगितलं की बल्बच्या उजेडात आपण याचं तोंड पाहिलं. त्यांच्या त्या बोलण्यावर लिंबाजीला फाशीची शिक्षा लागली. वरच्या कोर्टात अजून चाललं होतं.

त्याच गुरुवारी दुपारी लिंबाजीची आई केवळाबाई अप्पांच्या दारात येऊन बसली होती. रडली नाही, पाया पडली नाही.

"मालक, लेकाला सोडा म्हणाया न्हाई आले," ती म्हणाली. "तुमाला जेवढं दिसलं, तेवढंच सांगा."

अप्पांनी दार लावून घेतलं.

तर रात्री अप्पा शेतात पोचले. बाराला दहा कमी होते. आणि पाईपातून पाणी पडत होतं.

त्यांना वाटलं, आज लाईट लवकर आली. स्टार्टरच्या पेटीकडं गेले. पेटीतला दिवा बंद. लाईट नव्हतीच. तरी पाणी वाहत होतं... आणि वाफ्यात कोणीतरी वाकून उभं होतं. हातात खोरं. एका वाफ्याचं तोंड बांधलं. दुसऱ्याचं फोडलं. सावकाश.

अप्पांनी बॅटरी दाबली. लागेना.

"कोण हाय?"

पाणी तेवढं वाजत होतं.

"कोण हाय रं...?"

"अप्पा."

आवाज रामलिंगचा. सहा वर्षं ज्या आवाजासाठी जीव झुरला, तो. अप्पा पळाले नाहीत. पुढंच गेले. चार पावलांवर पाय थांबले.

"अप्पा... त्या सांजला लाईट व्हती का?"

...

त्या सांजेला दुकानातली लाईट गेलेली होती. अप्पा मागं मेणबत्ती शोधत होते. धावत आले तेव्हा दिसली फक्त पाठ. पळणारी पाठ. हाताला पोराचं रक्त लागलं होतं, आणि रागाला कुणाचं तरी तोंड हवं होतं.

"न्हवती," अप्पा म्हणाले. "न्हवती रं बाळा. म्या तोंड न्हाई पाहिलं."

वाफ्यातला माणूस सरळ उभा राहिला. त्याच्यामागं आणखी कोणी होतं का... अंधार होता. पाणी थांबलं.

उजाडेपर्यंत अप्पा बांधावर बसून रडले. पहिल्या गाडीनं नांदेडला जायचं, वकिलापुढं खरं सांगायचं, असं ठरवून घरी आले. आंघोळ केली, धोतर बदललं. तेवढ्यात गावात तुरुंगाचा फोन आल्याचं कळलं. लिंबाजी रात्रीच गेला होता, छातीत कळ येऊन. वेळ सांगितली ती बाराच्या थोडी आधीची.

अप्पा मग केवळाबाईकडं गेले. तिच्या पुढ्यात बसून सगळं बोलले. तिनं ऐकून घेतलं.

"कालच्याला का न्हाई बोललात, मालक?" एवढंच ती म्हणाली.

दुपारी त्यांनी मला हाताला धरून शेतात नेलं. अर्धा हरभरा भिजलेला होता. ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती, दोन माणसांची. एकानं दुसऱ्याला धरून न्यावं तशी अगदी लगत. वाफ्यातून निघाली होती ती रामलिंगच्या समाधीपर्यंत. परतीचं एकही पाऊल नव्हतं.