शेजारच्या वर्गाचा सुतार

खरं म्हणजे त्याला बोलावलं होतं शेजारच्या वर्गानं. दार चुकला आणि माझ्या वर्गात शिरला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, कानामागे पेन्सिल आणि पाय थेट एका मुलाच्या चटईवर. त्या चार वर्षांच्या महाशयांनी मान वर करून शांतपणे सांगितलं, "चटईला वळसा घालून जायचं असतं." बिचारा गडबडला, वळसा घालून माझ्यापर्यंत आला आणि कुजबुजत म्हणाला, "इथं मोठ्यानं बोललं तर... उठाबशा काढाव्या लागतात का?"

मी हसू दाबलं. ते त्याला दिसलं, आणि त्याला दिसलं हे मलाही दिसलं.

आमच्या शाळेत फळा नाही, तास नाहीत. मूल स्वतःच फळीवरून काम उचलतं, हवा तितका वेळ करतं, झालं की जागच्या जागी ठेवतं. प्रत्येक वस्तू एकच. ती दुसऱ्याकडे असेल तर मागायची, नाहीतर थांबायचं. आम्ही तायांनी नुसतं बघायचं. मुलानं बोलावल्याशिवाय त्याच्या कामाला हात लावायचा नाही, हा आमच्यासाठी पहिला नियम. सगळी कपाटं चिमुकल्या हातांना पोचतील इतकी बुटकी करून घ्यायची ठरलं होतं, म्हणून हा दर शनिवारी येऊ लागला.

माझ्या वर्गाचं काम दोन शनिवारांत उरकलं. शेजारच्या वर्गाचं मात्र संपता संपेना. मधे काचेची भिंत, त्यामुळे सगळं दिसायचं आणि ऐकू काहीच यायचं नाही. त्या वर्गातली ताई माझी मैत्रीण. उंच, मोकळी, हसली की खांदे हलतात. एकदा त्यानं रंध्यातून निघालेली लाकडाची एक गोल साल तिच्या तळहातावर ठेवली, तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सालच ती, अंगठी नव्हे! पण मला साल तरी कुठं मिळाली होती?

जाताना तो माझ्या दाराशी रेंगाळायचा.

"तुमच्या वर्गात काहीच कसं मोडत नाही हो?"

"आमची मुलं वस्तू जपून वापरतात."

"वाईट सवय लावलीत," म्हणायचा आणि जायचा. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

मंगळवारी मुलांचे पेले विसळताना मैत्रिणीनं सरळ विषय काढला. येत्या शनिवारी त्याचं काम संपणार, त्याआधी ती त्याला मनातलं सांगणार होती. मग हातातला पेला तसाच धरून तिनं मला विचारलं, "तुझं काही नाही ना त्याच्यात?"

"माझं? छे... माझं काय असणार!"

तिनं प्रामाणिकपणे विचारलं आणि मी तोंड वर करून खोटं बोलले. पुढचे तीन दिवस मला तिचं काहीही बघवेना. तिचं अक्षर वाईट वाटू लागलं, चालणं वाईट वाटू लागलं, मुलांशी ती जरा जास्तच गोड बोलते असंही वाटून गेलं.

शनिवार उजाडला. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, सगळं सावकाश करते म्हणून मी तिला लाडानं गोगलगाय म्हणते. लाकडी चौकटीवर बसवलेल्या रिबिनीचं फूल बांधायला ती बारा दिवस शिकत होती. रोज चुकायची, रोज सोडून पुन्हा सुरू करायची. मी तिच्या शेजारी बसले होते, पण डोळे काचेपलीकडे. तिकडची मुलं अंगणात खेळायला गेली होती आणि तो शेवटची बिजागरी बसवत होता. मैत्रीण बुटक्या खुर्चीवर त्याच्या अगदी जवळ. ती काहीतरी म्हणाली... तो हसला... ती आणखी जवळ वाकली...

मी खाली पाहिलं. चौकटीवर रिबिनीचं सुरेख फूल बांधलेलं होतं. माझ्या हातांनी.

गोगलगायीनं आधी फुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रडली नाही. एक टोक ओढून तिनं फूल सोडून टाकलं आणि मला समजावलं, "ताई, तुला पाहिजे होतं का? मग मागायचं ना."

मी तिची माफी मागितली. मदतनीस बाईंना वर्ग बघायला सांगितलं आणि उठले. काचेचं दार ढकललं.

"मंगळवारी मी खोटं बोलले," मी मैत्रिणीला म्हटलं. "माझं आहे."

ती बघतच राहिली. "आत्ता सांगतेस हे?"

"उशीर झालाय, कळतंय मला. तू त्याला विचारलंस का?"

"विचारतच होते." तिनं मांडीवरचा भुसा झटकला. "आता आधी तू विचार. उत्तर मलाही ऐकायचंय."

आणि ती हाताची घडी घालून तिथंच उभी राहिली. त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "माझ्याबद्दल चाललंय का हे?"

"तुम्ही इथं हसता आणि तिथं माझं लक्ष उडतं," मी म्हटलं. "आज एका मुलीचं बारा दिवसांचं काम बिघडवलं मी. मला वाटतं... तुम्ही माझ्याजवळ बसून हसावं. फक्त शनिवारीच नाही."

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. आधी मैत्रिणीकडे वळून म्हणाला, "माफ करा, ताई." तिला कळलं. ती माझ्या वर्गात गेली.

"हे कपाट तीन आठवड्यांपूर्वीच झालंय," तो हळूच म्हणाला. "दर शनिवारी मीच बिजागरी काढतो, मीच बसवतो. इथून तुमची चटई दिसते."

मला हसू आलं, रडूही आलं. त्याचं बोट माझ्या बोटांना लागलं. पण काचेपलीकडे मैत्रीण माझ्या जागेवर बसली होती, आमच्याकडे पाठ करून. आज तिचे खांदे हलत होते ते हसण्यानं नव्हे.

"जरा थांबा," मी म्हटलं. "मी आधी तिच्याकडे जाऊन येते."

"जा. मी आहे इथंच."

त्याला तिच्या वर्गात सोडून मी निघाले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच, माझ्या पोटात काही दुखलं नाही.