एकशे सहावी चौकट

इतवारीतल्या सुताच्या दुकानात काळ्या सुताची शेवटची लड आम्ही दोघांनी एकदमच धरली. मी सोडली नाही. त्यानेही नाही!

"तुम्ही काय विणता याचं?" मी विचारलं.

"मी नाही... विणून देणारं कोणी पाहून राहिलो. कॉलेजातला मूलद्रव्यांचा तक्ता ॲसिडच्या वाफांनी गळून चालला. म्हटलं, कापडाचा करावा."

हा जागेश्वर, प्रयोगशाळेतला डेमॉन्स्ट्रेटर. लड मी घरी आणली, मागोमाग तोही आला. बाबांच्या मागावर मी एकशे पाच चौकटी विणल्या, एकेका मूलद्रव्याची एकेक. अक्षरं सुईने भरली. लोखंड बघायला तो एकदा आला, सोनं बघायला तीनदा...

मग तक्ता संपला. आता निमित्त कुठलं? रविवारी उमरेडचे पाहुणे मला बघायला येणार होते, आणि या शहाण्याच्या तोंडून शब्द फुटेना. मला रडू यायचं, रागही यायचा.

शुक्रवारी बाबांनी तक्ता मागावरून कापला आणि हा पेपर नाचवत दारात!

"काका, कापू नका! एकशे सहावं बनवलं त्यायनं! रशियावाले म्हणतात आमचं, अमेरिकावाले म्हणतात आमचं."

"बनवतात कसं?" मी विचारलं.

"एका अणूवर दुसरा आपटत राहायचं. कोट्यवधी वेळा. एखादाच चिकटते."

"आन् टिकते किती?"

"सेकंदभर बी नाही."

"मग एवढा खटाटोप काहून?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "एकदा तरी... चिकटला ना."

बाबा मिशीत हसले. कापड कापताना कोष्टी वीतभर धागे मागावर ठेवतोच. नवा ताणा, म्हणजे नवे उभे धागे, त्यांनाच गाठी मारून जोडायचे असतात. त्यांनी नव्या सुताचं टोक जागेश्वरच्या डागाळलेल्या बोटांत दिलं. "ही चौकट वेगळी विणून तक्त्याले शिवू. जोड गा, कोष्ट्याचा नातू ना तू?"

पहिली गाठ सुटली. दुसरीही. तिसऱ्यांदा जुना धागा मी धरला. बोटाला बोट लागलं, आणि गाठ बसली.

"उद्या... आईले घेऊन येऊ?" धाग्याकडे बघतच तो म्हणाला.

"काहून?"

"तुले मागणी घालाले."

"लवकर सुचलं!" मी म्हटलं. डोळे मात्र भरून आले.

बाबांनी टोपी चढवली. "उमरेडले निरोप धाडून येतो. तुम्ही बसा जोडत. बाराशे धागे आहेत."

अकराशे नव्याण्णव उरले होते. घाई दोघांनाही नव्हती.